गाडीला लिफ्ट किट बसवायचंय? सोलापूर परिसरातून नेहमी येणारे प्रश्न

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जीप किंवा पिकअप उंच करून घ्यायच्या आधी लोक मला जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून काढलंय. मी सस्पेन्शनचं काम करतो आणि आमचं रान मोहोळ तालुक्यात सीनेच्या बाजूला आहे. त्यामुळे ही उत्तरं काळ्या रानाची, पाणंदीची आणि मुरमाच्या रस्त्याची आहेत. बर्फात किंवा वाळवंटात गाडी चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. लिफ्ट किट म्हणजे नेमकं काय?

चाकं आणि चेसिस यांच्यामधलं अंतर वाढवणारे सुटे भाग. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत उंच स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप येतात. पाट्याच्या गाडीत जास्त कमान असलेले पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी), यू-बोल्ट आणि शॉकअप येतात. चांगल्या किटमध्ये याशिवाय बंपस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकणारं रबर), ब्रेकच्या होजसाठी म्हणजे रबरी नळीसाठी ब्रॅकेट आणि गाडीप्रमाणे एखादा ॲडजस्ट होणारा रॉड असतो.

बॉडी लिफ्ट हा वेगळा प्रकार आहे. त्यात चेसिस जिथल्या तिथे राहते आणि फक्त वरची बॉडी ठोकळ्यांवर उचलली जाते. मोठ्या टायरला जागा होते, पण चेसिस, इंजिनचा चेंबर, गिअरबॉक्स यांपैकी काहीही वर जात नाही. या पानावर सस्पेन्शन लिफ्टबद्दलच लिहिलंय.

२. मला लिफ्टची गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

विकत घ्यायच्या आधी एकदा बॅटरी घेऊन गाडीखाली झोपा आणि ओरखडे कुठे आहेत ते बघा. ही दहा मिनिटं कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त सांगतात.

आपल्याकडची पाणंद कशी असते ते आठवा. उसाच्या ट्रॅक्टरनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे वाळून दगड झालेला उंचवटा. त्या उंचवट्याला सगळ्यात आधी मागच्या ॲक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, घासतो. तिथलाच रंग उडालाय आणि बाकी सगळं साबूत आहे, तर तुमचा प्रश्न टायरचा आहे, लिफ्टचा नाही (का ते प्रश्न ३ मध्ये). पुढच्या बंपरची खालची कड किंवा मधला चेसिस घासत असेल, ओढ्यात उतरताना नाक टेकत असेल, तर लिफ्टचा उपयोग होईल. आणि गाडी रिकामी असताना कुठेच लागत नाही, पण चार माणसं आणि सामान भरलं की धाडकन आपटते, तर स्प्रिंग बसल्यात. तिथे उंची नको, ताकद हवी (प्रश्न ७).

बंपस्टॉपच्या रबरावर चकचकीत ठसा उमटलाय का तेही बघा. ठसा ताजा असेल तर सस्पेन्शन शेवटपर्यंत दाबलं जातंय.

३. २ इंच लिफ्ट केली की खालून २ इंच जागा वाढते ना?

सगळीकडे वाढत नाही, आणि हाच गैरसमज सर्वांत जास्त पैसे घालवतो.

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे. २०२० नंतरच्या थारला मागे सलग ॲक्सल आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. सलग ॲक्सल चाकांमधून आरपार जातो, म्हणून त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो. स्प्रिंग कितीही उंच घाला, डिफरन्शियल तिथेच राहणार. वर जातात ते चेसिस, बंपर, टाकी, सायलेन्सर. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्सचा (खालच्या मोकळ्या जागेचा) आकडा, म्हणजे थारचा २२६ मिमी किंवा जिम्नीचा २१० मिमी, बघितला की वाटतं यात ५० मिळवले की झालं. ॲक्सलखाली मात्र एक मिलिमीटरही वाढलेला नसतो.

टायरचा हिशेब सोपा आहे: व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मी उंची मिळते. थारचा २४५/७५ आर १६ टायर सुमारे ७७४ मिमी व्यासाचा आहे, २६५/७५ आर १६ सुमारे ८०४ मिमी. फरक ३० मिमीचा, म्हणजे डिफरन्शियलखाली १५ मिमी. जिम्नीचा मूळ १९५/८० आर १५ भरतो ६९३ मिमी. त्याजागी २१५/७५ आर १५ घातला तर ७०३ मिमीच्या आसपास, म्हणजे खाली फक्त ५ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर साधारण २० मिमी.

४. मग लिफ्ट सोडून नुसते मोठे टायरच घालू का?

कोरड्या रानासाठी एक माप मोठा टायर पुष्कळदा पुरतो. पण आपली माती काळी आहे. सप्टेंबरातला परतीचा पाऊस झाला की ती टायरला भाकरीच्या पिठासारखी चिकटते, थरावर थर चढतो, आणि टायर व मडगार्ड यांच्यात गच्च बसून चाक अडवते. मी अशी गाडी पाहिली आहे जिचं चाक पहारीने माती खणून मोकळं करावं लागलं. इंजिन ठीक, फोर बाय फोर चालू, पण चाक फिरायला जागाच नाही.

म्हणून इथे दोघांचं काम वेगवेगळं धरा: टायर ॲक्सल वर उचलतो, लिफ्ट त्या टायरभोवती चिखलाला जागा देते. टायर बसवल्यावर, चाक पूर्ण वळवून, वरच्या बाजूला किमान चार बोटं आत जायला हवीत. मोठा टायर घालून लिफ्टची सगळी जागा खाऊन टाकली तर पावसाळ्यात पुन्हा मूळच्याच अडचणीत.

मोठ्या टायरने स्पीडोमीटर कमी दाखवतो. जिम्नीला २३५/७५ घातले तर काट्यावर ८० असताना गाडी ८४-८५ ने पळत असते. ब्रेक लावतानाही हे वजन आणि वेग लक्षात ठेवा.

५. किती इंच घ्यावेत?

माझं मत स्पष्ट आहे. रोज शहरात, आठवड्याला शेतावर आणि महिन्यातून एकदा पुण्याला जाणाऱ्या गाडीला दीड ते दोन इंच. त्यापुढे नाही.

दोन इंचांपर्यंत मूळ जोड बहुतेक सांभाळून घेतात. त्यापुढे पुढच्या जॉइंट रॉडचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन, प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या होजची लांबी, स्टिअरिंगची भूमिती असं एकेक भाग बदलत जावं लागतं. शिवाय वजनाचा मध्य वर जातो. समजा चाकांमधलं निम्मं अंतर ७६० मिमी आहे आणि वजनाचा मध्य ७०० वरून ७५० मिमीवर गेला, तर कागदावर गाडी कलंडायचा कोन सुमारे ४७ अंशांवरून ४५ वर येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, बॉडी झुकते, त्यामुळे गाडी त्याआधीच जाते. बांधावरून तिरकी गाडी काढताना हे दोन अंश पोटात जाणवतात.

चार इंचांचं किट स्पर्धेच्या गाडीसाठी असतं, जी ट्रकवर चढवून नेतात.

६. नुसते स्पेसर टाकले तर? खूप स्वस्त पडतात.

स्पेसर म्हणजे मूळ स्प्रिंगच्या किंवा शॉकअपच्या डोक्यावर ठेवलेली चकती. गाडी उंच दिसते, पण स्प्रिंग तीच आणि शॉकअप तोच. शॉकअपची लांबी ठरलेली असल्यामुळे चाक खाली लटकायला पूर्वीपेक्षा कमी वाव उरतो. खड्ड्यात चाक लवकर हवेत जातं आणि शॉकअप वरच्या टोकाला ठोके खातो.

एक इंचापर्यंत, चांगल्या मापाचे, गाडी पुढून थोडी बसलेली असेल तर समतल करायला ठीक. स्पेसरवर स्पेसर रचणं मी करत नाही. कुणी करून देत असेल तरी करू नका.

७. स्प्रिंगवर मीडियम, हेवी असं लिहिलेलं असतं. कोणती घ्यायची?

अंदाजाने घेऊ नका, काट्यावर जा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, हमरस्त्याला वजनकाटे आहेत. टाकी फुल्ल करा, रोजचं सामान आत ठेवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या हातात आल्या की किट निवडणं सोपं होतं.

आता यात कायमचं वजन किती वाढणार ते मिळवा. पुढे विंच आणि लोखंडी बंपर? छतावर कॅरिअर? मागे जादा टाकी? कायमचं, हा शब्द महत्त्वाचा. महिन्यातून एकदा भरलेल्या सामानासाठी हेवी स्प्रिंग घेतली तर उरलेले २९ दिवस गाडी लाकडासारखी आपटते.

उदाहरण घ्या. मागच्या दोन स्प्रिंगांवर मिळून १०० किलो वाढले, म्हणजे एकीवर ५०. स्प्रिंग दर मिलिमीटरला ३ किलो झेलणारी असेल तर ती १६-१७ मिमी बसणार. म्हणजे ५० मिमीची लिफ्ट ३३ वर आली. हेच वजन आधी सांगितलं असतं तर विक्रेत्याने वेगळी स्प्रिंग दिली असती. माझ्याकडे येणाऱ्या ‘किट फसवं निघालं’ या तक्रारींत किटचा दोष क्वचित असतो. वजन कुणी विचारलेलंच नसतं.

८. स्प्रिंग नवीन घालतो, शॉकअप जुनेच ठेवू का?

नको. उंच स्प्रिंगवर जुना शॉकअप आधीच निम्मा उघडलेला असतो. चाक लटकलं की तो पूर्ण ताणला जातो आणि धक्का त्याच्या बुशवर, बोल्टवर येतो. उलट चूकही तेवढीच वाईट: फार लांब शॉकअप घातला तर बंपस्टॉपला टेकायच्या आधी शॉकअपच आतून टेकतो आणि ब्रॅकेट उपटून निघतं. म्हणून उघडी लांबी आणि बंद लांबी, दोन्ही आकडे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात मुरमाच्या पन्हाळीदार रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गेलात की शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं आणि गाडी डोलायला लागते. मोनोट्यूब शॉकअप लवकर थंड होतो, कारण तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असतं. पण त्याच नळीला दगड लागून पोचा आला तर आतला पिस्टन अडकतो. ट्विनट्यूबला बाहेर आणखी एक नळी असते, ती असा मार सोसते. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या लांब कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला मी मोनोट्यूब सुचवतो, दगडाच्या ओढ्यातून रोज जाणाऱ्याला गॅस भरलेला ट्विनट्यूब.

९. माझी जुनी पाट्याची जीप आहे. लांब शॅकल करून घेतले तर काम होईल?

हे मी स्वतः केलंय, म्हणून मनापासून सांगतो, करू नका. माझ्या जीपला मी दोन इंच लांब शॅकल बनवून घेतले. पाट्याचं एकच टोक खाली जातं, त्यामुळे उंची मिळाली फक्त एक इंच. शिवाय पुढचा ॲक्सल थोडा फिरला आणि स्टिअरिंग हलकं, भरकटणारं झालं. एका बांधावर तिरकी चढवताना शॅकल बाजूला झुकला आणि जीप जागच्या जागी डावीकडे सरकल्यासारखी झाली. मुलगा शेजारी बसला होता. खाली उतरून बघितलं तर शॅकलचा बोल्ट डोळ्यांना दिसेल इतका वाकला होता. दुसऱ्या दिवशी जुने शॅकल परत बसवले.

पाटे बसले असतील तर आधी कमान परत देऊन घ्या किंवा नवीन संच घाला. एखादा जादा पाटा टाकल्याने उंची येते, पण गाडी कडकही होते. वजन वाहणाऱ्या जीपला चालेल, रिकामी फिरणाऱ्या जीपला त्रास होईल. यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवीनच वापरा.

१०. जिम्नीला किट घातल्यापासून बॉडी एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. चेसिस वाकली का?

नाही. सलग ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चेसिसला आणि दुसरं ॲक्सलला. गाडी उंच झाली की तो रॉड जास्त तिरका होतो आणि ॲक्सल एका अंगाला ओढला जातो. लांबी बदलता येणारा रॉड घातला की सरळ होतं. दोन्ही बाजूंना टायर मडगार्डच्या बाहेर किती येतो ते मोजा, म्हणजे फरक कळेल.

सरकण्याऐवजी गाडी रस्त्यावर भरकटत असेल आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक मध्यावर येत नसेल, तर कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झालाय. त्यासाठी वेगळे बुश किंवा आर्म मिळतात. ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि जुनी बेअरिंग बघा. लिफ्टने तो दोष उघडा पाडलेला असतो.

११. थार पूर्ण वळवली की पुढून कट् कट् आवाज येतो. दुर्लक्ष करू का?

अजिबात नको. पुढचा जॉइंट रॉड जास्त कोनात चालतोय. चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवा. काळं ग्रीस उडालेलं असेल तर रबरी बूट फाटलाय. आपल्या मातीची बारीक भुकटी आत गेली की जॉइंट काही दिवसांत संपतो. बूट लगेच बदला आणि पुढची उंची कमी करता येते का ते बघा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत मी पुढे दोन इंचांवर जात नाही ते यामुळेच. २०२१ नंतरच्या गुरखालाही पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिला हेच लागू.

१२. हेडलाइटचं काही करावं लागतं का?

करावंच लागतं, आणि हे सगळेजण विसरतात. पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त २५ मिमी जास्त उचलली तरी थारच्या लांबीच्या गाडीचा झोत ५० मीटरवर अर्धा मीटर वर जातो. समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यांत.

गाळप हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, बैलगाड्या असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. समोरून येणाऱ्याला तुम्ही आंधळं केलं तर तो त्या ट्रॉलीत घुसतो. किट बसवलं त्याच संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून झोत खाली घ्या.

१३. पिकअपमधून डाळिंब नेतो. लिफ्ट केल्यावर जास्त माल बसेल का?

बसणार नाही. नोंदणी पुस्तकात लिहिलेलं एकूण वजन किटने बदलत नाही. ॲक्सल, ब्रेक, चेसिस तेच राहतात. गाडीची मागची बाजू मालाने बसते हाच त्रास असेल तर पाट्यांची ताकद वाढवा किंवा मदतीच्या एअरबॅग (सस्पेन्शनला लावायच्या हवेच्या पिशव्या) लावा. माल उतरला की हवा कमी करता येते. एअरबॅगने उंची वाढवायला जाऊ नका, त्या वजन पेलायला आहेत. मालवाहू गाडीला पासिंगला जावं लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. माझा सल्ला, ती मूळ उंचीवरच ठेवा.

१४. आरटीओ, विमा आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: विनापरवाना बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

खरेदीच्या आधी एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारा. विमा कंपनीला कळवल्याशिवाय बदल केला तर अपघातानंतर दावा अडू शकतो. वॉरंटीत सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि जॉइंट रॉडच्या तक्रारी नाकारल्या जातात, हे गृहीत धरूनच पैसे मोजा. ‘सगळेच घालतात’ असं सांगून किट विकणाऱ्याकडून घेऊ नका.

१५. लिफ्ट केल्यावर सीनेच्या पाण्यातून गाडी नेता येईल?

इंजिन हवा जिथून ओढतं ती जागा किटने दोन इंच वर गेली, एवढंच. ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा सोडणाऱ्या नळ्या), गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकचे जोड यांच्यासाठी पाण्याच्या खोलीचा कंपनीने दिलेला आकडाच पाळा. थारचा तो ६५० मिमी आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. वाहतं पाणी उंच गाडीला आडवं ढकलतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा.

१६. माझ्या गाडीत कॅमेरा-रडारचं ब्रेक लावणारं तंत्र आहे. चालेल का?

थार रॉक्ससारख्या गाड्यांत कॅमेरा ठरावीक उंचीवरून आणि कोनातून रस्ता बघतो. उंची बदलली की त्याचं कॅलिब्रेशन परत करावं लागतं. ते करून मिळेल का, हे सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. नाही म्हणाले तर किट घेऊ नका. ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारं तंत्र) असलेल्या कुठल्याही गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्य परत जुळवून घ्या.

१७. डस्टर किंवा ग्रँड विटारा उंच करता येते का?

या गाड्यांना वेगळी चेसिस नाही. एक इंचाच्या पुढे विचारही करू नका. चांगले टायर आणि खालून लोखंडी प्लेट यांचा जास्त उपयोग होईल.

१८. किट बसवलं, आता चाचणी कुठे घेऊ? नान्नजचा माळ जवळ आहे.

नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. तिथे गाडी माळावर घालणं गुन्हा आहे, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी चाकाखाली जातात. ज्याला रानाची हौस आहे त्याने हे करायचं नसतं. स्वतःचं किंवा ओळखीचं रान, विचारून, पीक नसताना.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे हटतं तेव्हा उघड्या पडणाऱ्या गाळावरही लोक गाड्या घालतात. वरून वाळलेली पापडी, खाली लोणी. तिथे लिफ्ट काही कामाची नाही. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करून जा आणि दुसरी गाडी सोबत असू द्या. परत डांबरावर येताना हवा भरायची.

१९. बसवून घेताना समोर उभं राहून काय बघू?

चार गोष्टी. काम सुरू व्हायच्या आधी सपाट जागी, चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून कागदावर लिहा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका; गाडी चाकांवर उतरवून मगच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाक पूर्ण खाली लटकवून, डावी-उजवीकडे वळवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते बघा. शेवटी अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद घ्या.

५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, टेपने परत मोजायचं. नवीन स्प्रिंग थोडी बसते. डाव्या-उजव्यात फरक पडला असेल तर लगेच दाखवा.

२०. निघालेलं जुनं सामान भंगारात देऊ का?

देऊ नका. गाडी विकताना, आरटीओने हरकत घेतली तर, किंवा तुम्हालाच ती उंची नकोशी झाली तर तेच लागेल. स्प्रिंग पुसून तेलाचा हात मारा, गोणपाटात गुंडाळा आणि प्रत्येकीला पुढची-मागची, डावी-उजवी अशी खूण करा. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या स्प्रिंगची लांबी वेगळी असते. दोन वर्षांनी खूण नसलेल्या चार स्प्रिंग समोर आल्या की कोणती कुठली हे नुसतं बघून सांगता येत नाही.